टेकडी रिकामी नव्हतीच

पहिला पाऊस झाला की पुण्याच्या टेकड्यांवर कुदळ-फावडी घेऊन मंडळी झाडं लावायला निघतात. हेतू चांगला, पण समज एकच: टेकडी बोडकी, म्हणजे इथलं जंगल कुणीतरी तोडलं. तोड, चराई, वणवे यांनी नुकसान केलंय हे खरंच. पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, जेमतेम ७०० मिलिमीटर पावसावर, काळ्या कातळावरच्या वीतभर मातीत दाट अरण्य उभं राहत नाही. इथली मूळची घडण विरळ झाडांची नि भरपूर गवताची: सालई, गणेर, मोई, मेडशिंगी, मध्येच हेंकळीच्या जाळ्या, खाली कुसळी, पवन्या, मारवेल.

मग वेताळ टेकडीवर हिरवंगार दिसतं ते काय? बरंचसं गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी. मूळची मेक्सिको नि मध्य अमेरिकेतली. कमी पाण्यावर तगते, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून लावणाऱ्यांच्या सोयीची. शेताच्या बांधावर हिरवळीच्या खताला ती उत्तमच. टेकडीवर मात्र तिच्या दाटीखाली उन्हाची सवय असलेलं गवत टिकत नाही. हिवाळा सरताना पानं झडली की खाली वाकून बघा: पाचोळा आणि दगड.

‘मग सरसकट तोडा’ हाही उतावळेपणाच. बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात, ते वरचेवर छाटावे लागतात; आणि उतार एकदम उघडा पडला तर माती वाहून जाते, घाणेरी शिरते. विरळणी टप्प्याटप्प्यानंच करावी.

सगळ्यात महागात पडतो तो ‘झुडूप’ हा शब्द. गुडघाभर उंचीचं पळसाचं झुडूप बुडाशी उकरून पाहा. वर बोटाएवढे फोक, खाली मनगटाहून जाड, गाठाळ खोडका. कापला, जळला, तुडवला गेला, तरी दरवर्षी फुटत राहिला. मुळं खोल गेलेली असल्यानं कुऱ्हाड आणि वणवा टळला की तो रोपवाटिकेतल्या रोपापेक्षा झपाट्यानं वर जातो, तेही टँकरशिवाय. आपण नेमका तिथंच खड्डा घेतो, त्याची मुळं तोडून वडाचं रोप लावतो आणि फोटो काढतो.

सलग समतल चरांचंही तसंच. उघड्या, झिजत्या उतारावर ते पाणी मुरवतात. पण चांगल्या गवताळ उतारावर यंत्रानं खणले, तर खर्चुडीसारख्या वनस्पतींचे कंद मातीबरोबर उपसले जातात. उन्हाळ्यात ते जमिनीखाली निजलेले असतात, वर पानही नसतं. म्हणून खणण्याआधीची पाहणी एप्रिलमध्ये उरकू नये. पाऊस पडून गवत ओळखू येईपर्यंत थांबावं.