डोळे मिटून बास्केट

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत शेवटच्या मिनिटाला माझ्या लेकीला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही वेळा बॉल रिंगवर आपटून बाहेर! टीम एका गुणाने हरली.

त्यानंतर पोरीची झोपच उडाली. "आई, डोळे मिटले की तोच बॉल बाहेर जाताना दिसतो गं." सासूबाई म्हणाल्या, "पुरे झाला तो खेळ." तिनेही बूट माळ्यावर टाकले.

शेवटी मी तिच्या स्पोर्ट्सच्या मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, "अहो, ती रोज रात्री प्रॅक्टिसच करतेय, पण चुकण्याची!"

मग त्यांनी समजावलं. रिंग ३.०५ मीटर उंच, रेषा बोर्डापासून ४.६० मीटरवर, हातात पाच सेकंद. अडवायला समोर कुणी नाही. म्हणजे अडवतं ते आपलंच मन. १९८५ मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर गोल्फचा एक प्रयोग झाला होता. बॉल भोकात गेल्याचं चित्र मनात आणणाऱ्यांचा खेळ सुधारला, थोडक्यात चुकल्याचं चित्र आणणाऱ्यांचा बिघडला.

ऐकताना मी चपापले. प्रत्येक मॅचला निघताना मी लेकीला काय सांगायचे? "नीट टाक हं, चुकवू नकोस!" म्हणजे चुकण्याचं चित्र मीच तिच्या डब्याबरोबर बांधून देत होते की!

उपाय बिनखर्चाचा होता. तिथल्याच कॉलेजच्या बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींवर १९८३ मध्ये एक अभ्यास झाला. नुसतं शांत बसून कल्पना करण्यापेक्षा, आधी अचूक फ्री थ्रोची फिल्म बघून मग तो मनात अनुभवणाऱ्या मुलींचे नेम जास्त सुधारले.

आम्ही तेच सुरू केलं. मोबाइलवर तिचाच एक छान पडलेला थ्रो बघायचा. मग डोळे मिटायचे. बॉलचा खरखरीत स्पर्श, वाकलेले गुडघे, सुटणारं मनगट, जाळीचा सप्प आवाज, सगळं स्वतःच्या डोळ्यांनी आणि खऱ्या वेगाने. मनातही बॉल चुकला, तर थांबून पुन्हा पहिल्यापासून. रोज झोपताना पाच मिनिटं. "पण मैदानाला सुट्टी नाही हं," मॅडमनी बजावलं होतं. नुसत्या कल्पनेने बास्केट पडत नाही. रोजच्या सरावाला तिची जोड द्यायची. बूट माळ्यावरून खाली आले.

यंदा पुन्हा तशीच वेळ आली. दोन थ्रोंपैकी एक पडला, एक हुकला. चमत्कार काही झाला नाही. पण त्या रात्री लेक गाढ झोपली, आणि सकाळी सहाला मैदानावर हजर!

मैत्रिणींनो, "सांडू नकोस, पडशील, विसरशील" हे आपल्या तोंडात किती सहज येतं ना? मी आता दारातून एवढंच म्हणते, "जाळीचा आवाज आठव गं." आणि सासूबाई? त्या विचारतात, "आज किती पडले?"