राजाची अडीच घरे

वाशीमच्या आमच्या जुन्या घरात, ओसरीवर, दुपारची जेवणे आटोपली की आजोबांचा बुद्धिबळाचा पट उलगडला जाई. तो लाकडी नव्हता. जाड्याभरड्या कापडाचा होता, आणि त्यावर काळ्यापांढऱ्या घरांची मांडणीही नव्हती. एकरंगी कापडावर रेघांनी पाडलेली चौसष्ट घरे आणि त्यांतल्या मोजक्या घरांवर घातलेल्या फुल्या, एवढेच त्याचे रूप. त्या फुल्या कशासाठी, असे विचारले तर ‘पूर्वापार आहेत’ याहून अधिक खुलासा मिळत नसे. त्या फुल्यांना बुद्धिबळात काहीही काम नाही, आणि हा पट ज्या ‘अष्टापद’ नावाच्या, फाशांनी खेळावयाच्या, कितीतरी जुन्या खेळाकडून बुद्धिबळाने उचलला त्याची ती शिल्लक राहिलेली खूण होय, असे अभ्यासकांचे मत आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनात आढळले. आणि आपल्या ओसरीवर एका लुप्त झालेल्या खेळाच्या खुणा अंथरल्या जात होत्या या जाणिवेने मी त्या दिवशी खरोखर हरखून गेलो.

आजोबांच्या डावात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. शेवटच्या घराला पोचलेले प्यादे मनास येईल तो मोहरा होत नसे. घोड्याच्या ओळीत पोचले तर घोडा, हत्तीच्या ओळीत पोचले तर हत्ती, आणि वजीर व्हावयाचे तर राजाची किंवा वजिराची ओळ गाठावी लागे. राजाला, त्याला तोवर एकदाही शह बसलेला नसेल तर, साऱ्या डावात एकदाच घोड्याप्रमाणे अडीच घरे उडण्याची मुभा असे. विजयालाही प्रतवारी होती: साधी मात ही मातच, पण प्याद्याने केलेली ‘प्यादेमात’ अव्वल दर्जाची, आणि समोरच्याचे सारे सैन्य मारून राजा एकटा उरला की डाव ‘बुर्जी’ होई, जिचा मान मात करण्यापेक्षा बराच कमी. त्यामुळे चांगला खेळाडू सहज होणारी मात टाकून, एखादे क्षुद्र प्यादे दूरवरून राजाच्या अंगावर आणण्याचा खटाटोप करीत बसे, आणि प्रतिपक्षाजवळ एखादा मोहरा शिल्लक राहील याची काळजी स्वतःच वाही.

शाळेत असताना एका स्पर्धेत मी राजाला असे अडीच घरे उडवले, आणि पंचांनी ‘ही चाल बुद्धिबळात नाही’ असे सांगून मला पटावरून उठवले. घरी येऊन मी आजोबांना ‘तुमचे नियम चुकीचे आहेत’ असे म्हणालो, याचे शल्य मला आजही आहे. कारण ते चुकीचे नव्हते. ते निराळे होते, आणि या दोन शब्दांतला फरक समजण्यात माझी उमेदीची वर्षे गेली.

आज ज्याला आपण शास्त्रशुद्ध बुद्धिबळ म्हणतो त्यातील पटभर धावणारा वजीर आणि तिरकस लांब पल्ल्याचा उंट हे दोन्ही पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात जन्मले. त्यापूर्वी वजीर बिचारा तिरका एकच घर चाले. राजाला सुरक्षित कोपऱ्यात नेणारा किल्लेकोट तर मध्ययुगीन युरोपातील राजाच्या उडीतूनच विकसित झाला, म्हणजे आजोबांच्या राजाची अडीच घरे आणि आजच्या विश्वविजेत्यांचा किल्लेकोट ही एकाच कल्पनेची सख्खी नसली तरी चुलत भावंडे आहेत. प्रमाण म्हणून जो खेळ जगन्मान्य झाला तोही अनेक भेदांपैकी एक भेदच. काळाची सनद त्याला मिळाली, इतरांना मिळाली नाही, एवढेच.

भेदांची ही परंपरा आपल्याकडे किती जुनी आहे पाहा. अल्बेरूणीने १०३० च्या सुमारास चौघांनी फासे टाकून खेळावयाच्या बुद्धिबळाचे वर्णन केले आहे. पुढे बंगालच्या रघुनंदनाने आपल्या ‘तिथितत्त्वा’त त्याचे नियम विस्ताराने दिले: प्रत्येकाजवळ राजा, हत्ती, घोडा, नौका आणि चार प्यादी, फाशावर पाच पडले तर राजा किंवा प्यादे, चार पडले तर हत्ती, तीन पडले तर घोडा आणि दोन पडले तर नौका चालवावयाची. शत्रूच्या सिंहासनी आपला राजा बसला तर ‘सिंहासन’, तिन्ही राजे जिंकले तर ‘चतुराजी’. मराठी मुलखाच्या सीमेवरील कल्याणीहून राज्य करणाऱ्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ रचला तेव्हा राजाच्या क्रीडांमध्ये चतुरंगालाही स्थान दिले. पैठणहून काशीला गेलेल्या ज्या भट्ट घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक केला, त्याच घराण्यातील नीलकंठ भट्ट यांनी सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ या धर्मशास्त्राच्या विशाल ग्रंथात, राजनीतीला वाहिलेल्या मयूखात, बुद्धिबळाचे नियम आणि चौसष्टही घरांतून घोडा एकेकदाच फिरवून आणण्याची रीत ग्रथित केली. ज्या शास्त्र्यांनी व्रते आणि प्रायश्चित्ते नोंदवली, त्यांना खेळ नोंदवण्यात कमीपणा वाटला नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

पुढचा दुवा आमच्या आणखी जवळचा. औरंगाबादच्या पंडित हरिकृष्ण शर्मांनी १८७१ मध्ये ‘बृहज्ज्योतिषार्णवा’चा भाग म्हणून ‘क्रीडाकौशल्य’ लिहिले आणि त्यात आपल्या काळी चालू असलेल्या पटावरच्या खेळांचा संग्रह केला. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी संस्कृत ‘विलासमणिमंजरी’तील बुद्धिबळाची कूटे युरोपीय पद्धतीला जुळवून इंग्रजीत छापली होती, आणि १८९३ साली पुण्यात विनायक राजाराम टोपे यांनी मराठी बुद्धिबळाच्या डावावर स्वतंत्र पुस्तक काढले. एका शतकाच्या अवधीत एका हाताने आपण देशी डाव परक्या साच्यात ओतत होतो आणि दुसऱ्या हाताने त्याची कैफियत लिहून ठेवीत होतो. तो दुसरा हात पुढे थकला.

भारताबाहेरही या कल्पकतेला मोठा बहर आला. स्पेनच्या दहाव्या अल्फोन्सोने १२८३ मध्ये सिद्ध करविलेल्या खेळांच्या ग्रंथात बारा गुणिले बारा घरांचा एक महापट आहे आणि त्यावर जिराफ, मगर, सिंह असे प्राणी संचार करतात. तैमूरलंगाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बुद्धिबळात दहा गुणिले अकरा घरे असून दोन बाजूंना दोन कोट जास्तीचे. त्यातील जवळजवळ प्रत्येक प्यादे एकेका मोहऱ्याच्या नावाचे असते आणि शेवटी तोच मोहरा होते. हे वाचताना मला आजोबांच्या ओळीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. चीनमध्ये मोहरे घरांत नव्हे, रेघांच्या छेदांवर उभे राहतात आणि पटाच्या मधून नदी वाहते. जपानी शोगीत मारलेला मोहरा कैदी न राहता आपल्या फौजेत भरती होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तर ही सृष्टी अनावर वाढली. १८९९ मध्ये हेन्री मायकेल टेंपल यांनी असा खेळ काढला की दोघांनाही परस्परांचे मोहरे दिसत नाहीत, केवळ पंच सारे पाहतो. क्युबाच्या कापाब्लांकाने दहा गुणिले आठ घरांचा पट सुचवून हत्ती-घोड्याचा आणि उंट-घोड्याचा असे दोन संमिश्र मोहरे आणले. पोलंडच्या ग्लिन्स्कींनी षट्कोनी घरांचा, एक्क्याण्णव घरांचा पट रचला. पार्टन यांच्या १९५३ च्या खेळात प्रत्येक चालीनंतर मोहरा एका पटावरून दुसऱ्या पटावर निघून जातो. फिशरने १९९६ मध्ये मागच्या ओळीची मांडणी चिठ्ठ्यांवर सोपवून ९६० आरंभ निर्माण केले. डेव्हिड प्रिचर्ड यांच्या १९९४ च्या कोशात चौदाशेहून अधिक प्रकारांची नोंद आहे.

यांतले बहुसंख्य प्रकार जन्मतःच मृत होत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पट वाढवला, मोहरे वाढवले, की खेळ थोर होतो असे नाही. उलट त्याचा जीव गुदमरतो. उत्तम भेद तो, जो एकच गोष्ट बदलतो आणि त्या एका बदलाने साऱ्या पटाची नीती पालटून टाकतो. अब्दुल जब्बार करवतकर यांनी १९७९ मध्ये शोधलेला ‘मद्रासी’ हा प्रकार याचे उत्तम उदाहरण: मोहऱ्यावर त्याच जातीच्या शत्रुमोहऱ्याचा मारा आला की तो जागीच लुळा पडतो. बाकी सर्व नियम नेहमीचे, पण वजिरासमोर वजीर येताच दोघेही निश्चेष्ट! कूटे रचणाऱ्यांत हा प्रकार देशोदेशी मान्यता पावला.

या कसोटीवर मी आजोबांचा ‘जोराजोरी’चा डाव घासून पाहतो तेव्हा मला तो जगातील कोणत्याही भेदाच्या पंक्तीला बसण्याजोगा वाटतो. ज्या मोहऱ्याला दुसऱ्याचा ‘जोर’ आहे, म्हणजे ज्याच्या पाठीशी आपला दुसरा मोहरा उभा आहे, त्याला मारता येत नाही. मारावयाचा तर आधी त्याचा जोर तोडावा लागतो. एवढाच नियम. परंतु त्यामुळे अदलाबदलीचा हिशेब संपतो, बेजोर मोहरा ही खरी दुर्बलता ठरते, आणि डाव कत्तलीचा न राहता एकमेकांची पाठ सांभाळणाऱ्या सैन्याचा होतो. पावसाळ्यात असा एक डाव आमच्या ओसरीवर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालल्याचे मी पाहिले आहे, आणि त्यात दुपारपर्यंत एकही मोहरा पटाबाहेर गेला नव्हता.

विदर्भाला आज बुद्धिबळाचे वैभव लाभले आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, त्या दिवशी वऱ्हाडात आनंद झाला नाही असे घर विरळा. त्या खेळाशी माझे वैर नाही. माझी नातवंडे तोच खेळतात. परंतु हे वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. काव्यपुरुषाचा आणि साहित्यविद्येचा विवाह राजशेखराने आपल्या ‘काव्यमीमांसे’त याच नगरात लावला. अशा गावाने आपला एक खेळ नोंद न करता जाऊ द्यावा, हे मला सहन होत नाही.

म्हणून वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा या सहाही तालुक्यांतील वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या घरी कोणी वडीलधारे जुन्या पद्धतीने खेळत असतील, तर त्यांच्यासमोर बसा. प्यादे कोणत्या ओळीत काय होते, राजा केव्हा उडतो, बुर्जीला किती मान, जोराजोरीत राजाच्या शहाला जोर लागू होतो की नाही, हे एकेक विचारून तारखेसह लिहून काढा. कपाटात फुल्यांचा कापडी पट सापडला तर तो धुवायला टाकू नका. आधी कोणकोणत्या घरांवर फुल्या आहेत ते कागदावर उतरवून घ्या.