देवमासे व डॉल्फिन, कोकण किनाऱ्यावरील

देवमासे व डॉल्फिन हे मासे नसून जलीय जीवनास पूर्णपणे अनुकूलित झालेले सस्तन प्राणी होत. ते फुप्फुसांनी श्वसन करतात, पिलांना दूध पाजतात आणि त्यांच्या शेपटीचा पर माशाप्रमाणे उभा नसून आडवा असतो. आज हयात असलेल्या प्राण्यांपैकी पाणघोडा हा त्यांचा सर्वांत जवळचा आप्त असून कच्छमधील इओसीन काळातील खडकांत पाय असलेल्या आद्य देवमाशांचे जीवाश्म सापडले आहेत. सध्याच्या जातींचे दोन गट पडतात : दात असलेले (ओडोंटोसेटाय) व बॅलीन असलेले (मिस्टिसेटाय). दुसऱ्या गटातील प्राण्यांच्या वरच्या जबड्यातून केराटिनाच्या झालरयुक्त पट्टिका लोंबत असतात व त्यांच्या साहाय्याने ते सूक्ष्म प्राणी आणि लहान मासे पाण्यातून गाळून घेतात. डॉल्फिन पहिल्या गटात मोडतात.

संस्कृत वाङ्मयात देवमाशाला तिमी व डॉल्फिनला शिशुमार म्हटले आहे. शिशुमार या शब्दापासूनच गंगेतील डॉल्फिनचे ‘सूस’ हे नाव आले. मराठीत मात्र त्याचे ‘सुसर’ असे रूप होऊन अर्थही पालटला. चंद्रपूर-गडचिरोलीकडे वैनगंगा वा प्राणहितेच्या काठी सुसर म्हटली की मगरच समजली जाते, आणि ते योग्यही आहे. कारण गोदावरीच्या खोऱ्यात नदीतील डॉल्फिन आढळत नाही. तो गंगा, ब्रह्मपुत्रा व त्यांच्या लगतच्या नद्यांपुरताच मर्यादित आहे. महाराष्ट्रातील या गटाचे सर्व प्राणी त्यामुळे अरबी समुद्रातलेच आहेत.

किनाऱ्यावरून सहज दिसणारी जात म्हणजे हिंदी महासागरी कुबडा डॉल्फिन (सूझा प्लंबिया). कोकणातील मच्छीमार डॉल्फिनला ‘गादा’ म्हणतात. कुबडा डॉल्फिनची लांबी सुमारे २·५ मी. असते. रंग शिशासारखा करडा असून पाठीवरील लांबट उंचवट्यावर लहानसा पर असतो. मुस्कट लांब व निमुळते असते. १८२९ मध्ये क्यूव्ह्ये यांनी या जातीचे वर्णन मलबार किनाऱ्यावरील नमुन्यावरून केले. पुढे दीर्घकाळ तिचा समावेश सूझा चायनेन्सिस या जातीत केला जात असे. २०१४ पासून ती स्वतंत्र मानली जाते. जुन्या ग्रंथांत पहिले नाव न मिळाल्यास वाचकाने गोंधळून जाऊ नये. दापोली, मालवण, तारकर्ली, देवगड येथील उथळ पाण्यात व खाड्यांच्या मुखांशी यांचे लहान कळप वावरतात. सुमारे २५ मी. पेक्षा खोल पाण्यात ते क्वचितच जातात. बोय, तारली यांसारखे मासे हे त्यांचे भक्ष्य होय.

याच पाण्यात परहीन पॉरपॉइज (निओफोकीना फोकीनॉयडीस) राहतो. जुन्या प्राणिग्रंथांत त्याचे मराठी नाव ‘भुलगा’ असे दिलेले आढळते. पाठीवर पर नाही, डोके गोल, मुस्कट नाही, लांबी फार तर १·७ मी., स्वभाव बुजरा. त्यामुळे अनेक वर्षे समुद्रावर काढलेल्या माणसालाही तो जिवंत क्वचितच दिसतो.

खोल समुद्रात फिरकी घेत उसळणारे स्पिनर डॉल्फिन, ब्राइड देवमासा, नील देवमासा व वसातिमी (स्पर्म व्हेल) आहेत. शेवटच्याच्या आतड्यात तयार होणारे अंबर सुगंधी द्रव्यांत वापरले जात असे. भारतात ते बाळगणे व विकणे हा गुन्हा आहे. मोठ्या देवमाशांविषयी या किनाऱ्यावर जे ज्ञान जमले ते बव्हंशी वाहून आलेल्या देहांवरून. जून २०१५ मध्ये रेवदंडा येथे सुमारे ४२ फूट (१३ मी.) लांबीचा नील देवमासा जिवंत वाहून आला व मेला. या जातीच्या प्रौढाची लांबी २० मी. हून अधिक असते, म्हणजे तो वाढीचाच होता. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत जुहू येथे ब्राइड देवमासा मृतावस्थेत आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत रुतलेले देवमाशाचे पिलू मोठ्या प्रयासाने समुद्रात ओढून नेण्यात आले, पण तेही वाचले नाही. किनाऱ्याला लागलेला देवमासा बहुधा वाचत नाही, याचे कारण शरीररचनेत आहे. पाण्याचा आधार सुटताच देहाचा भार फुप्फुसांवर येतो व जाड चरबीमुळे शरीर तापते. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे समुद्रावर तरंगणारे देह किनाऱ्याकडे ढकलतात.

अरबी समुद्रातील कुबड्या देवमाशाची (मेगॅप्टेरा नोव्हिअँग्ली) स्थिती वेगळी आहे. अन्यत्र ही जात उन्हाळ्यात ध्रुवीय पाण्यात चरते व हिवाळ्यात उष्ण समुद्रात प्रजनन करते. अरबी समुद्र उत्तरेस भूमीने बंद झालेला आहे. तथापि मोसमी वाऱ्यांमुळे ओमानकडे तळाचे पोषक पाणी वर येते व विपुल अन्न निर्माण होते. त्यामुळे येथील समूह वर्षभर येथेच राहतो आणि इतर समूहांपासून अलग पडला आहे. १९६५–६६ मध्ये सोव्हिएट जहाजांनी बेकायदा शिकार करून यांपैकी २४२ प्राणी मारले. ओमानजवळ २००४ पर्यंतच्या पाहणीवरून त्यांची संख्या शंभराहून कमी असल्याचा अंदाज करण्यात आला. ओमानमध्ये उपग्रह-खूण लावलेली ‘लुबान’ नावाची मादी डिसेंबर २०१७ मध्ये समुद्र ओलांडून गोव्याजवळ पोहोचली, मग दक्षिणेकडे गेली आणि परतली. भारतीय किनारा याच समूहाच्या वावरात येतो, हे त्यावरून स्पष्ट झाले.

हे सर्व प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणचा सागरी परिसर १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला. किनाऱ्यालगतच्या दोन जातींना खरा धोका शिकारीचा नसून जाळ्यांचा आहे. मच्छीमार जेथे गिलनेट टाकतो तेथेच गादा मासे शोधतो. जाळ्यातील मासळी ओढताना तो जाळे फाडतो आणि कधी स्वतः अडकतो. मच्छीमाराची तक्रार खोटी नाही. फाटलेल्या जाळ्याचा खर्च त्याच्यावरच पडतो. म्हणून महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये संरक्षित सागरी प्राणी सोडविण्यासाठी जाळे कापणाऱ्यास कमाल २५,००० रुपये भरपाई देण्याची योजना सुरू केली. सोडविल्याचे छायाचित्र वा चित्रफीत पुरावा म्हणून द्यावी लागते. व्हेल शार्क कल्ल्यांनी श्वसन करतो व अडकल्यावरही काही काळ जगतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत ही योजना उपयुक्त ठरते. डॉल्फिनचे तसे नाही. पाण्याखाली जाळ्यात गुरफटलेला डॉल्फिन श्वासासाठी वर येऊ न शकल्याने काही मिनिटांतच गुदमरतो. गिलनेट मात्र तासन्‌तास पाण्यात असते व ओढेपर्यंत तो बहुधा मेलेला असतो. मादीला एका वेळी एकच पिलू होते व दोन विणींत सुमारे तीन वर्षांचे अंतर असते, त्यामुळे अशी हानी लवकर भरून येत नाही.