आयजीई वाढलं म्हणजे इसब बळावला?

लहान मुलाच्या कोपराच्या लवणीत, गुडघ्यामागे लालसर खाजरे चट्टे उठले की घरचं निदान ठरलेलं असतं: रक्त बिघडलं. मग एकीकडे कडुलिंबाचा रस सुरू होतो, दुसरीकडे ‘टोटल आयजीई’ची तपासणी. रिपोर्टवर १५०० आकडा दिसला की सगळ्यांचा धीर सुटतो.

या इसबाला डॉक्टर अ‍ॅटोपिक डर्माटायटिस म्हणतात. आयजीई हे प्रतिपिंड १९६६ मध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये शोधलं. अ‍ॅलर्जीशी त्याचं नातं पक्कं आहे. पण त्यावरून इसबाची तीव्रता जोखायची, तर विजेच्या बिलावरून कुठल्या खोलीतला पंखा चालू आहे ते ओळखावं लागेल! दमा, अ‍ॅलर्जीची सर्दी, अगदी पोटातले जंत, कशानेही आयजीई वाढतं. उलट इसबाच्या साधारण पाचातल्या एका रुग्णात ते नॉर्मलच असतं. त्याची खाज काही त्यामुळे कमी होत नाही.

एकेका पदार्थाच्या अ‍ॅलर्जी तपासणीत दूध किंवा अंडं ‘पॉझिटिव्ह’ आलं म्हणून तो पदार्थ परस्पर बंद करणं हा त्याहून महागात पडणारा गैरसमज. पॉझिटिव्ह म्हणजे शरीरात त्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंड सापडलं, एवढंच. तो खाल्ल्यावर त्रास होतोच, असं त्यातून सिद्ध होत नाही. वाढत्या वयात मूल उगीचच पोषणाला मुकतं.

मग रक्तातून काहीच कळत नाही का? कळतं, पण वेगळ्या घटकातून. टार्क नावाचं एक प्रथिन दाह वाढवणाऱ्या पेशींना त्वचेकडे बोलावून घेतं. चट्टे चिघळले की ते चढतं, उपचार लागू पडले की काही आठवड्यांत उतरतं. जपानमध्ये २००८ पासून या तपासणीचा खर्च सरकारी आरोग्यविम्यातून मिळतो. वरवर बरी दिसणारी त्वचा आतून शांत झाली आहे का, मलम कमी करायचं का, हे ठरवताना तिथले डॉक्टर हा आकडा हाताशी ठेवतात.

टार्कलाही मर्यादा आहेत. तान्ह्या बाळांत ते मुळातच जास्त असतं, म्हणून मोठ्यांची मोजपट्टी त्यांना चालत नाही. हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगातही ते वाढतं. त्यामुळे तीव्रतेचं मुख्य मोजमाप अजून त्वचेवरच होतं. ‘ईझी’ या ० ते ७२ गुणांच्या पद्धतीत लाली, सूज, ओरखडे आणि जाड झालेली कातडी शरीराच्या चार भागांत तपासतात. १९९३ मध्ये युरोपात आलेली ‘स्कोरॅड’ पद्धत खाज आणि मोडलेली झोपही मोजते, आणि ते कुठल्याच रक्तचाचणीत दिसत नाही.

इसबावरचं ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णांत तर आकड्यांची मोठी गंमत होते. टार्क झपाट्याने घसरतं, आयजीई महिनोन्‌महिने रेंगाळत उतरतं आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी काही जणांत तात्पुरत्या वाढतात. त्याच सुमाराला चट्टे मात्र मिटत आलेले असतात.