पेन्सिलमधलं ग्राफाइट वीज कशी साठवतं?

संगमनेरजवळ चंदनापुरी घाट उतरताना इलेक्ट्रिक गाडी ब्रेक लावून वीज तयार करू शकते. ती काही सेकंदांत साठवायला सुपरकपॅसिटर उपयोगी पडतो. तो वीज इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर धरतो. पृष्ठभाग मोठा, तर साठवण जास्त.

यासाठी पेन्सिलमधलं ग्राफाइट वापरता येतं. आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटने त्याला ऑक्सिजन जोडला की थर सुटे होतात, पण त्यातून वीज नीट वाहत नाही. मग हायड्राझिन किंवा क जीवनसत्त्वाने बराचसा ऑक्सिजन काढतात आणि वीज पुन्हा वाहू लागते. २००८ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात अशा इलेक्ट्रोडने ग्रॅममागे १३५ फॅरड धारकता दाखवली.

अडचण एकच नाही. थर पुन्हा चिकटतात आणि वजनाच्या मानाने साठवण बॅटरीपेक्षा कमीच राहते. म्हणून सुपरकपॅसिटर बॅटरीची जागा घेणार नाही, तिला साथ देईल.