अहवाल हातात आल्यानंतर

काँक्रीटमधल्या सळ्या कशा गंजतात यावर वाचन करताना मी अमेरिकेतल्या गृहसंस्थांच्या कायद्यात जाऊन अडकले. विषय सोडून भरकटले असं वाटेल, पण थोडं थांबा.

तिथे फ्लॅटमालक आपल्यातूनच एक संचालक मंडळ निवडतात. साधारण आपल्या सोसायटीच्या कमिटीसारखंच. बहुतेक जण नोकरीधंदा सांभाळून, बिनपगारी हे काम करतात. तरी फ्लोरिडाच्या कायद्यात त्यांचं फ्लॅटमालकांशी नातं विश्वस्ताचं आहे. म्हणजे स्वतःचा फायदा बघायचा नाही, आणि पुरेशी माहिती घेऊनच निर्णय करायचा. पहिली गोष्ट सगळ्यांना कळते. मेव्हण्याला रंगकामाचं कंत्राट देऊ नये, हे सांगायला कायदा कशाला हवा? गोची दुसरीत आहे.

कॅलिफोर्नियातला एक खटला बघा. ला होया इथल्या एका इमारतीला वाळवी लागली. मंडळाने पूर्ण धुरी न देता फक्त लागलेल्या जागांवर उपचार करायचं ठरवलं. एका मालकिणीने दावा लावला. 1999 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मंडळाची बाजू घेतली: वाजवी चौकशी करून, प्रामाणिकपणे, सगळ्यांचं हित बघून आणि अधिकाराच्या मर्यादेत देखभालीचा निर्णय झाला असेल, तर न्यायालय त्यावर आपलं मत लादणार नाही. थोडक्यात, निर्णय चुकला तरी संरक्षण आहे. पण निर्णयच घेतला नसेल तर? 2010 मध्ये तिथल्याच अपील न्यायालयापुढे तुंबलेल्या सांडपाण्याच्या पाइपचं प्रकरण आलं. मंडळाने देखभालीचा विचार करून काही ठरवल्याचा पुरावाच नव्हता, म्हणून ही सवलत मिळाली नाही.

आता सर्फसाइड. मायामीजवळची 1981 मधली बारा मजली इमारत, 136 फ्लॅट. ऑक्टोबर 2018 मध्ये अभियंत्यांनी अहवाल दिला: पोहण्याच्या तलावाभोवतीच्या डेकचं वॉटरप्रूफिंग निकामी झालंय, खालच्या स्लॅबचं मोठं नुकसान होतंय, आणि दुरुस्ती लवकर झाली नाही तर ते झपाट्याने वाढेल. इमारत पडेल असं मात्र त्यात नव्हतं. पुढच्याच महिन्यात नगराच्या एका अधिकाऱ्याने रहिवाशांच्या बैठकीत इमारत उत्तम स्थितीत असल्याचं सांगितलं. 2019 मध्ये मंडळातल्या बहुतेकांनी राजीनामे दिले. एप्रिल 2021 मध्ये दीड कोटी डॉलरची वर्गणी ठरली. एका फ्लॅटच्या वाट्याला 80 हजार ते सव्वातीन लाख डॉलरहून अधिक. 24 जून 2021 ला पहाटे इमारतीचा मोठा भाग कोसळला. 98 माणसं गेली.

ती नेमकी कशामुळे पडली, हा वेगळा तांत्रिक विषय आहे. मी इथे फक्त त्या अडीच वर्षांकडे बघतेय. क्लोराइड सळईवरचा संरक्षक थर फोडतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, काँक्रीटला तडे जातात, त्यातून आणखी पाणी आत शिरतं. म्हणजे ‘पुढच्या सभेत बघू’ म्हटलं तरी खाली स्लॅबमध्ये काम चालूच असतं, आणि दर महिन्याला ते थोडं वेगाने चालतं. मंडळावर मी सरसकट ठपका ठेवणार नाही. शेजाऱ्याकडे लाखभर डॉलर मागायला जाणं किती अवघड असेल! पण मला जास्त टोचतो तो अहवाल. निकड त्यात होती, पण दुरुस्त्यांच्या यादीत मिसळलेली. वाचणारे रसायनशास्त्रज्ञ नव्हते. तुम्ही उद्या असा अहवाल लिहाल तेव्हा ‘झपाट्याने’ म्हणजे किती महिने, हे तुमच्याकडच्या मोजमापांतून सांगता येतं का ते आधी बघा. येत नसेल तर तेही पहिल्याच पानावर लिहा.

2022 मध्ये फ्लोरिडाने कायदा बदलला. तीन किंवा अधिक मजल्यांच्या अशा इमारतींची ठरावीक वयानंतर तपासणी सक्तीची झाली. ढाच्याच्या दुरुस्तीसाठी पैसे साठवणं मालकांना पूर्वी बहुमताने टाळता यायचं. 2024 च्या अखेरपासून ती सूटही गेली.