हवामानाचे आकडे, लेखांक ७ : ऑगस्टची तूट कुठे गेली?

२०२३ च्या ऑगस्टमध्ये देशात सरासरी १६२.७ मिलिमीटर पाऊस पडला. त्या महिन्याची दीर्घकालीन सरासरी २५४.९ मिलिमीटर आहे, म्हणजे तूट ३६ टक्क्यांची. हवामान विभागाच्या देशपातळीवरच्या नोंदी १९०१ पासूनच्या आहेत आणि त्यांत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. पुढे महिन्याभरात पावसाळा संपला आणि हंगामाचा आकडा जाहीर झाला : ९४ टक्के. चार महिन्यांत ८६८.६ मिलिमीटर पडायला हवा होता, पडला सुमारे ८२०. एकट्या ऑगस्टमध्ये ९२ मिलिमीटर पाऊस कमी पडला होता; सप्टेंबरअखेर कागदावर तूट उरली ४९ मिलिमीटरची.

बेरीज चुकलेली नव्हती. जून ९ टक्क्यांनी कमी पडला, जुलै १३ टक्क्यांनी जास्त, ऑगस्टने दगा दिला आणि सप्टेंबर पुन्हा १३ टक्क्यांनी जास्त पडला. जुलै आणि सप्टेंबरच्या जादा पावसाने ऑगस्टचा खड्डा बराचसा भरून काढला. भरला तो आकड्यातला खड्डा. त्या वर्षी मोसमी पाऊस मुंबईत २५ जूनला पोचला, त्यामुळे राज्यात पेरण्या लांबल्या. उशिरा पेरलेलं सोयाबीन ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात फुलोऱ्यात आलं, आणि नेमका तेव्हाच पावसाचा खंड पडला. कितीतरी महसूल मंडळांत हा खंड २१ दिवसांहून लांबला आणि पीकविम्याच्या २५ टक्के अग्रिमाची मागणी सुरू झाली. फुलं गळून गेल्यावर सप्टेंबरात कितीही पाऊस झाला तरी त्या झाडाला शेंगा धरत नाहीत.

या पडझडीची सरकारी नोंद वेगळ्याच खात्यात झाली. हवामान विभागाने देशाचे ३६ उपविभाग केले आहेत. त्यांपैकी कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ हे चार आपले. २०२३ च्या हंगामाअखेर या चौघांपैकी एकही ‘अपुऱ्या पावसाच्या’ गटात नव्हता. उपविभागासाठी सरासरीच्या १९ टक्के खाली-वर इतका पाऊस ‘सामान्य’ धरला जातो आणि चौघेही त्या मर्यादेच्या आत किंवा वर होते. तरीही ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. मालेगाव, सिन्नर, येवला, बारामती, पुरंदर, अंबड, भोकरदन ही त्यांतली काही नावं. हवामान विभागाचा तक्ताही खरा आणि सरकारची अधिसूचनाही खरी. हंगामाच्या एका टक्केवारीवर समाधान मानणं किती धोक्याचं आहे, हे यापेक्षा स्पष्ट कशाने दिसेल? म्हणून या लेखमालेत मी पुन्हा पुन्हा महिन्याच्या आकड्याकडे येतो.

त्या ऑगस्टमध्ये पाऊस गेला कुठे, तेही पाहू. पावसाळ्यात राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांब पट्टा पसरलेला असतो. हा पट्टा मध्य भारतावर असला की आपल्याकडे चांगला पाऊस होतो. तो उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला की मध्य भारत कोरडा पडतो आणि पहाडात धो धो कोसळतो. त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो जोर धरत होता आणि हा पट्टा ऑगस्टमध्ये बराच काळ पायथ्याशीच राहिला. ऑगस्टच्या मध्यावर हिमाचल प्रदेशात अतिवृष्टीने दरडी कोसळून माणसं दगावली. त्याच आठवड्यात मराठवाडा आभाळाकडे पाहत होता. देशाच्या सरासरीत हे दोन्ही प्रदेश एकत्र येतात.

ही सरासरी तयार होते ती अशी. पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेला लिहितात. मुंबई २००५ चा महापूर २६ जुलैच्या नावाने ओळखते, पण सांताक्रूझच्या ९४४ मिलिमीटरची नोंद २७ जुलैची आहे. याच नियमाने ३० जूनच्या दुपारी पडलेला पाऊस जुलैच्या खात्यात जातो. ठिकाणांवरून जिल्ह्याची, जिल्ह्यांवरून उपविभागाची आणि त्यावरून देशाची सरासरी काढतात. वरच्या पायऱ्यांवर प्रत्येक भागाला त्याच्या क्षेत्रफळानुसार वजन मिळतं. त्यामुळे चिंचोळ्या कोकणात कितीही कोसळला, तरी देशाच्या आकड्यावर त्याचा ठसा पसरट राजस्थानइतका उमटत नाही.

टक्केवारी वाचताना तिच्या बुडाशी किती मिलिमीटर आहेत हे पाहिलंच पाहिजे. कोकण-गोव्यात जुलैची सरासरीच हजार मिलिमीटरहून अधिक आहे. तिथली २० टक्क्यांची तूट म्हणजे मराठवाड्यात अख्ख्या जुलैत जेवढा पाऊस अपेक्षित असतो, जवळपास तेवढा पाऊस. उलट मार्चमध्ये मराठवाड्याची सरासरी जेमतेम काही मिलिमीटर असते; गारपिटीचा एक तडाखा बसला की ‘तिप्पट पाऊस’ असा मथळा होतो.

खुद्द सरासरीही स्थिर नसते. पावसासाठी हवामान विभाग सध्या १९७१ ते २०२० ही पन्नास वर्षं धरतो. २०२२ मध्ये हा बदल झाला, त्याआधी १९६१ ते २०१० ही वर्षं होती आणि तेव्हा हंगामाची सरासरी ८८०.६ मिलिमीटर होती. मोजपट्टी बदलली आणि १२ मिलिमीटर कमी झाले. देशाच्या पावसात काही दशकं ओली आणि काही दशकं कोरडी अशी लाट असते. सत्तरच्या दशकापासून कोरडा टप्पा चालू आहे, असं विभागाचं स्पष्टीकरण आहे. जुन्या सरासरीतली साठच्या दशकाची वर्षं गळली, अलीकडची दहा आत आली. म्हणजे आज ‘१०० टक्के’ पडणारा पाऊस आधीच्या मापाने शंभराला थोडा कमीच भरेल.

तापमानाच्या बाबतीत या सरकत्या मापाचा परिणाम फार मोठा आहे, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तापमानासाठी तीस वर्षांची सरासरी घेतात आणि दर दहा वर्षांनी ती पुढे सरकते. २०१६ हे वर्ष घ्या. १९६१ ते १९९० च्या सरासरीशी तुलना केली तेव्हा ते ०.९१ अंशाने उष्ण ठरलं. पुढे १९८१ ते २०१० ही सरासरी आली आणि त्याच वर्षाचा आकडा ०.७१ झाला. आता १९९१ ते २०२० च्या मापाने तो ०.५४ आहे. २०१६ मधला एकही दिवस थंड झालेला नाही; ज्याच्याशी तुलना करतो तो काळच तापत गेला. २०२४ हे १९०१ पासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, अधिक ०.६५ अंश. हा आकडा २०१६ च्या जुन्या ०.९१ शेजारी ठेवून कुणी ‘उष्मा कमी झाला’ असं म्हणू लागला, तर दोन आकड्यांची मापं वेगळी आहेत हे त्याला तिथेच सांगायला हवं. याच कारणासाठी जागतिक हवामान संघटना दीर्घकालीन बदल मोजताना १९६१ ते १९९० हा काळ कायमचा आधार म्हणून जपायला सांगते.

मापं बदलूनही विक्रम मोडतच आहेत. २०२५ च्या फेब्रुवारीत देशाचं सरासरी तापमान २२.०४ अंश होतं, नेहमीपेक्षा १.३४ अंशांनी जास्त. १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी. गव्हाचा दाणा भरण्याच्या काळात असा उष्मा आला की दाणा बारीक राहतो. २०२२ च्या मार्चमध्ये उत्तरेतल्या गव्हाला त्याचा फटका बसला होता.

त्याच २०२५ च्या मे महिन्यात देशभर १२६.७ मिलिमीटर पाऊस झाला, १९०१ पासून मेमधला सर्वाधिक. मोसमी वारे २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचले. हंगाम मात्र १ जून ते ३० सप्टेंबर असा ठरलेला. म्हणून मेच्या त्या शेवटच्या आठवड्यात पडलेला खरा मोसमी पाऊस मोसमाच्या बेरजेत धरला गेला नाही. तो उन्हाळ्याच्या महिन्यांत जमा झाला.

महिना संपल्यावर हवामान विभाग देशाच्या आकड्याबरोबर उपविभाग आणि जिल्ह्यांचे तक्तेही देतो. आपल्या जिल्ह्याच्या ओळीत प्रत्यक्ष मिलिमीटर, सरासरी आणि टक्केवारी शेजारी शेजारी असतात. जिल्ह्याच्या त्या आकड्यातही एक कोरडा आणि एक ओला तालुका एकमेकांत मिसळून जाऊ शकतात. त्यासाठी महसूल मंडळापर्यंत उतरावं लागतं, आणि तिथली पर्जन्यमापकं पुढच्या लेखांकात.